वर्ग फुकट, पण तास कुणाचा?

निर्वासित म्हणून आलेल्या प्रौढ माणसाला त्या देशाची भाषा शिकवावी की नाही, आणि शिकवायची तर तिचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा की नाही, हा प्रश्न आपल्या गावच्या व्याख्यानमालेत आणण्याजोगा कुणाला वाटणार नाही. त्याचे मुख्य ठिकाण इंग्लंड आहे. तेथे गेली पन्नास-साठ वर्षे या प्रश्नावर वाद चालला आहे, कायदे झाले आहेत, पैसा दिला गेला आहे आणि काढूनही घेतला गेला आहे. परंतु ज्याने तीस वर्षे कारखान्याच्या दरवाजावर काढली त्याला हा प्रश्न परका वाटत नाही. माझे स्वतःचे इंग्रजी कोणत्याही शाळेतले नाही. शाळा सातवीला सुटली. पुढे मालकाच्या नोटिशी आणि पगाराचे करार शब्दकोश मांडीवर घेऊन वाचता वाचता जे आले ते आले. त्यामुळे मोठ्या वयात भाषा शिकणे म्हणजे काय, याची मला थोडीफार कल्पना आहे.

पहिला आक्षेप नेहमी एकच असतो, आणि तो इंग्लंडातही आहे व आपल्या ओसरीवरही आहे. सरकारने यात कशाला पडावे? पोट भाषा शिकविते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत जे सिंधी बांधव येऊन पडले, आणि १९४९ साली ज्या वस्तीचे उल्हासनगर झाले, ते कोणत्या सरकारी वर्गाला गेले होते? पापड विकता विकता, कापड मोजता मोजता ते मराठी बोलू लागले.

हे खरे आहे. पण ते अर्धे खरे आहे. बाजार माणसाला बाजाराची भाषा शिकवितो. भाव, माप, उधारी, घासाघीस हे शब्द दिवसातून शंभर वेळा कानांवर पडतात, चूक झाली तर गिऱ्हाईक हसते आणि दुसऱ्या दिवशी सुधारता येते. दवाखान्यात डॉक्टर विचारतो की दुखणे टोचते, की जळजळते, की ओढल्यासारखे होते. हा प्रश्न वर्षातून एकदा येतो, आणि उत्तर चुकले तर सुधारायला दुसरा दिवस मिळेलच असे नाही. मुलाच्या शाळेची चिठ्ठी, घरमालकाची नोटीस, न्यायालयाचा कागद यांचेही तसेच. शिवाय बाजार शिकवितो ते बाजारात उभे राहणाऱ्याला. जी बाई दोन लेकरे घेऊन चौथ्या मजल्यावर बसली आहे, किंवा जो माणूस रात्री अकराला रिकाम्या कचेरीत फरशी पुसायला जातो आणि ज्याचे दोन्ही सोबती त्याच्याच मुलखातले आहेत, त्याला कोण शिकविणार? लंडनसारख्या शहरात दहा वर्षे काढूनही असा माणूस रोज इंग्रजीची दहा वाक्ये ऐकत नाही.

आपल्याकडे १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात एक शहाणपणाची तरतूद होती. कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, असे दोन्हींत फलकावर लावले पाहिजेत, असे तो कायदा सांगे. ज्यांनी तो केला त्यांना ठाऊक होते की न समजणारा नियम हा नियम नसून सापळा असतो. परंतु ‘बहुसंख्य’ या शब्दात जे बसत नाहीत त्यांचे काय? आमच्या भागातील एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, ओडिशातून आलेल्या एका तरुणाने इंग्रजी कागदावर सही केली. त्याला वाटले रजेचा अर्ज आहे. तो निघाला राजीनामा. हा तर आपल्याच देशाचा नागरिक. त्याच्या जागी युद्धातून पळून आलेला, कागदपत्रे वाटेत हरवलेला, परत जायला घर नसलेला माणूस ठेवून पाहा.

१९५१ साली जिनीव्हा येथे निर्वासितांच्या दर्जाविषयी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या २२ व्या कलमात प्राथमिक शिक्षणाची हमी आहे. प्रौढांना भाषा शिकविण्याची हमी त्यात नाही. म्हणजे हा विषय हक्काच्या यादीत न जाता अंदाजपत्रकाच्या यादीत गेला, आणि जे अंदाजपत्रकात असते ते दरवर्षी नव्याने मागावे लागते.

इंग्लंडने प्रथम या प्रश्नाकडे पाहिले ते निर्वासित म्हणून नव्हे. १९६६ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्यात ११ वे कलम घालण्यात आले. ज्या शहरांत राष्ट्रकुलातील देशांमधून आलेली बरीच वस्ती आहे, तेथे त्यांच्यासाठी जादा नोकरवर्ग ठेवावा लागला तर त्या पगाराचा मोठा हिस्सा मध्यवर्ती सरकारने द्यावा, असे ते कलम. त्यातला बराचसा पैसा शाळांकडे गेला; पण प्रौढांच्या वर्गांनाही त्याचा आधार मिळाला. त्या कलमातील ‘राष्ट्रकुल’ हा शब्द लक्षात ठेवावा.

१९७२ च्या ऑगस्टमध्ये युगांडाच्या इदी अमीनने तेथील आशियाई लोकांना देश सोडण्यास नव्वद दिवसांची मुदत दिली. सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस हजार माणसे इंग्लंडला आली. त्यांत गुजराती सर्वांत अधिक. पंजाबी होते, आपले गोमंतकीयही होते. सरकारने पुनर्वसन मंडळ नेमले, जुन्या लष्करी तळांवर सोळा छावण्या उघडल्या, आणि तेथे स्वयंसेवक मंडळी इंग्रजीचे वर्ग घेऊ लागली. एकाच विमानातून उतरलेल्या माणसांत केवढा फरक होता पाहा. युगांडातील पुष्कळ गोमंतकीय सरकारी कचेऱ्यांतून कारकुनी करीत आलेले. त्यांना इंग्रजीची अडचण नव्हती. दुकानाच्या मागच्या खोलीत आयुष्य गेलेल्या आजीबाईला ‘प्लीज’ म्हणजे काय तेही ठाऊक नव्हते. सरकारी हिशेबात मात्र दोघेही एकच ‘डोके’.

पुढे १९७९ पासून व्हिएतनामचे निर्वासित आले. हे लोक राष्ट्रकुलातले नव्हते. म्हणून ११ व्या कलमाचा पैसा त्यांच्यासाठी खर्चता येईना. शेजारच्या पाकिटात पैसा आहे, शिक्षक आहे, वर्ग आहे, पण पाकिटावरचे नाव वेगळे! हा अडसर काढायला १९९३ साल उजाडावे लागले. त्यात आणखी एक शहाणपण झाले. एका गावावर भार नको म्हणून या कुटुंबांना चार-चार, दहा-दहांच्या गटांनी देशभर पांगविले. हेतू वाईट नव्हता. परंतु ज्या गावी चार कुटुंबे, त्या गावी वर्ग कसा भरणार? काही वर्षांत त्यातली बरीच मंडळी सामान बांधून लंडनसारख्या मोठ्या शहरांकडे आली.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत अधिक शिकण्याजोगे वाटते ते एक निराळेच काम. लंडनच्या पश्चिमेला साउथॉल म्हणून उपनगर आहे; पंजाबी वस्तीमुळे आपल्याकडेही त्याचे नाव ठाऊक आहे. तेथे काही शिक्षकांनी ठरविले की कामगार वर्गाकडे येत नसेल तर वर्गाने कामगाराकडे जावे. कारखान्याच्या आवारात, कामाच्या वेळेत भाषा शिकवायची. १९७४ साली या कामासाठी एक राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, सरकारी पैशावर देशभर पथके उभी राहिली. यांचा धडा ‘हे पुस्तक आहे, ती खुर्ची आहे’ असा नसे. यंत्र बिघडले तर कसे सांगावे, पाळी बदलून कशी मागावी, पगाराच्या चिठ्ठीत चूक असेल तर कुणाला काय म्हणावे, असा असे. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी पुढे कुणी फारशी केली नाही: मुकादम आणि पर्यवेक्षक यांनाही वर्गात बसविले.

ते का, हे एका प्रसंगावरून कळते. लंडनच्या एका विमानतळावरील नोकरवर्गाच्या उपाहारगृहात भारतीय व पाकिस्तानी बायका वाढपाच्या कामावर होत्या. मालवाहू हमाल, कर्मचारी तक्रार करीत की या बायका उद्धट आहेत. बायका म्हणत की आम्हांला मुद्दाम त्रास देतात. जॉन गम्पर्झ नावाचे अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ या पथकांबरोबर काम करीत होते. त्यांनी प्रत्यक्ष बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐकले. मांसाच्या पदार्थावर रस्सा हवा का, हे विचारताना इंग्रज वाढपीण ‘ग्रेव्ही?’ असे आवाज वर नेऊन म्हणे. आपल्या बायका तोच एक शब्द आवाज खाली आणून म्हणत: ‘ग्रेव्ही.’ शब्द एकच, पण इंग्रजाच्या कानाला त्याचा अर्थ होई, ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घे.’

आपल्या पंगतीत बसलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको. वाढपी ‘भात, भात’ असे सपाट आवाजात म्हणत पुढे जातो. त्याने आपला अपमान केला असे कुणालाच वाटत नाही. तोच सूर त्या बायकांनी सातासमुद्रापार नेला होता. ध्वनिफीत सर्वांना ऐकविल्यावर बायकांना उमजले की लोक का चिडतात, आणि पर्यवेक्षकांना उमजले की हा उद्धटपणा नव्हे. १९७९ साली बी.बी.सी.ने या अभ्यासावर एक चित्रपटही दाखविला. ज्या बाईवर उद्धटपणाचा शिक्का बसला तिची बढती गेली असती, कदाचित नोकरीही. आणि ते कोणत्याही नियमाने भेदभाव म्हणून सिद्ध झाले नसते.

या गम्पर्झसाहेबांचा आपल्या मुलखाशी संबंध आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. सांगलीजवळच्या कुपवाड गावाचा त्यांनी अभ्यास केला होता आणि १९७१ साली रॉबर्ट विल्सन यांच्यासह त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्या गावी मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली. शब्द ज्याचे त्याने राखले, पण वाक्याची ठेवण सगळ्यांची सारखी होऊन गेली. भाषा वर्गाशिवाय येते म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर घ्यावे. पण त्याला काही शतके लागली हेही सोबत घ्यावे. कालच्या विमानाने आलेल्या निर्वासिताला सोमवारी कामाच्या शोधात जायचे असते.

ती कारखान्यांतील पथके १९८९ साली बंद झाली. पैसा थांबला, एवढेच कारण.

त्यानंतरची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती फार करून वजाबाकीची आहे. २००१ साली प्रौढ साक्षरतेची मोठी सरकारी योजना आली, तीत इतर भाषिकांसाठी इंग्रजी हा विषय घेतला गेला आणि वर्ग मोफत झाले. गर्दी उसळली. गर्दी उसळली म्हणून ऑक्टोबर २००६ मध्ये सरकारने जाहीर केले की सरसकट फीमाफी बंद, आणि ज्यांचा आश्रयाचा अर्ज अद्याप निकाली निघालेला नाही अशा प्रौढांना वर्गच नाही. शिक्षक, संघटना, निर्वासितांच्या संस्था यांनी ओरड केली तेव्हा त्यातल्या त्यात एवढे मिळाले की अर्जाला सहा महिने होऊनही निकाल नसेल तर सवलतीने बसता येईल. सहा महिने! मनुष्य नव्या देशात येतो तेव्हाच त्याची शिकण्याची भूक सर्वांत मोठी असते, आणि आश्रयाचा अर्ज चालू असता त्याला सहसा नोकरीही करता येत नाही. म्हणजे ज्या काळात त्याच्यापाशी वेळच वेळ आहे, त्याच काळात वर्गाचे दार बंद. स्कॉटलंडने ही वाट पाहण्याची अट ठेवली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

२०११ साली पुढची कात्री आली. पूर्ण माफी फक्त बेकारभत्त्यासारखे, काम शोधण्याची अट असलेले भत्ते घेणाऱ्यांना. थोड्या पगारावर राबणाऱ्याने निम्मी फी भरावी. या चक्रात अडकलेला कामगार असा: पगार थोडा म्हणून वर्ग परवडत नाही, आणि भाषा नाही म्हणून पगार थोडा. शिक्षकांनी आणि त्यांच्या संघटनेने मोठी चळवळ केली, तेव्हा महाविद्यालयांना काही सूट देण्याची मुभा मिळाली. पण एकूण ओघ आटतच गेला. इंग्लंडमध्ये २००९-१० साली या वर्गांवर सरकारने सुमारे २० कोटी ३० लाख पौंड दिले होते. २०१५-१६ साली सुमारे ९ कोटी. शिकणारे सुमारे १ लाख ७९ हजारांवरून जेमतेम १ लाखावर आले. जुलै २०१५ मध्ये ४ कोटी ५० लाख पौंडांची एक योजना मध्येच काढून घेण्यात आली. सहा महिन्यांनी, जानेवारी २०१६ मध्ये, त्याच सरकारच्या पंतप्रधानांनी मुसलमान स्त्रियांना इंग्रजी येत नाही अशी चिंता व्यक्त करून २ कोटी पौंड जाहीर केले. उजव्या हाताने पंचेचाळीस काढावेत आणि डाव्या हाताने वीस देऊन टाळ्या घ्याव्यात, हे राजकारण आपल्यालाही अपरिचित नाही.

सीरियातून सरकारने स्वतः निवडून आणलेल्या वीस हजार निर्वासितांसाठी मात्र व्यवस्था चांगली होती. आल्यापासून महिन्याच्या आत वर्ग, आणि आठवड्याला किमान आठ तास. पण त्याच सीरियातून जो स्वतःच्या पायांनी आला आणि मग आश्रय मिळवून निर्वासित ठरला, त्याला ही हमी नव्हती. एका गल्लीत दोन भाऊ राहत असतील तर एकाला शिक्षक आणि दुसऱ्याला प्रतीक्षा-यादी.

आता जे आकडे सांगितले ते फीचे आहेत. संघटनेच्या कामातला माणूस म्हणून माझे म्हणणे फीच्या पुढचे आहे. समजा फी पूर्ण माफ झाली. वर्ग सकाळी दहाला आहे. रात्रपाळी करून सातला घरी आलेला माणूस दहाला काय शिकणार? वर्ग संध्याकाळी आहे. तर मग लहान मूल कुणाकडे ठेवायचे? बसचे भाडे कोण देणार? आणि तासावर पगार घेणाऱ्याने दोन तास वर्गाला दिले तर ते दोन तास त्याच्या भाकरीतून गेले. फुकट वर्गाची खरी किंमत ही आहे, आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. साउथॉलच्या पथकांनी नेमके हेच ओळखले होते, की वर्ग कामाच्या वेळेत असला पाहिजे.

हे कायद्याने करून पाहिलेला देश स्वीडन. तेथे १९७२ साली कायदा झाला की परदेशातून आलेल्या कामगाराला स्वीडिश भाषा शिकण्यासाठी २४० तास भरपगारी मिळतील आणि तो पगार मालक देईल. हा कायदा केवळ निर्वासितांपुरता नव्हता, पण त्यांनाही लागू होता. ऐकून मला धन्य वाटले होते. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की भाषा न येणाऱ्या नव्या माणसाला कामावर घ्यायलाच मालक कां कू करू लागले. त्याला घेतला की २४० तासांचा भुर्दंड बसतो ना! पुढे १९८० च्या दशकात ही जबाबदारी मालकांवरून निघून नगरपालिकांकडे गेली. यावरून काहीजण म्हणतात की कल्पनाच चुकीची होती. मला तसे वाटत नाही. तास भरपगारी असावा हे बरोबर होते. त्याचा बोजा ज्याने त्या माणसाला कामावर घेतले त्या एकट्यावर टाकणे चूक होते. तो पगार सर्व मालकांच्या सामाईक निधीतून किंवा सरकारातून आला असता तर नव्या माणसाला टाळण्याचे कारण उरले नसते.

ऑस्ट्रेलियाने दुसरी वाट धरली. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील छावण्यांतून सुमारे १ लाख ७० हजार बेघर माणसे त्या देशाने घेतली. त्या बदल्यात सरकार सांगेल तेथे दोन वर्षे काम करण्याचा करार त्यांना करावा लागे, तेव्हा हा केवळ दानधर्म नव्हता. पण भाषेच्या बाबतीत ते सरकार दूरदृष्टीचे निघाले. इंग्रजीचे धडे जहाजावरच सुरू होत. पुढे छावणीत, रात्रीच्या वर्गात, टपालाने आणि नभोवाणीवरूनही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली ती योजना अजून चालू आहे. मध्यंतरी दर माणशी ५१० तासांची मर्यादा होती. पुष्कळांना तेवढ्यात कामापुरते इंग्रजी येत नसे, विशेषतः ज्यांनी आपल्या देशात शाळाच पाहिली नव्हती त्यांना. एप्रिल २०२१ पासून ती तासांची मर्यादा उठविण्यात आली; कामापुरती भाषा येईतो शिकता येते.

इंग्लंडातील कामगार संघटनांनीही आपला वाटा उचलला होता, पण तो उशिरा. १९७४ साली लेस्टरच्या टंकयंत्रांच्या कारखान्यात पूर्व आफ्रिकेतून आलेल्या आशियाई कामगारांनी संप केला तेव्हा त्यांच्याच संघटनेचा स्थानिक अधिकारी त्यांच्या मागे उभा राहिला नाही. ज्यांनी भाषेच्या अडचणीत सर्वांआधी धावून जावे त्यांच्याकडूनच हे व्हावे! पुढे १९९८ साली सरकारने कामगार संघटनांमार्फत शिक्षण चालविण्यासाठी एक निधी सुरू केला. त्यातून कारखान्यांत, गोदामांत, बसगाड्यांच्या आगारांत इंग्रजीचे वर्ग निघाले. २००२ च्या कायद्याने संघटनेच्या शिक्षण-प्रतिनिधीला या कामासाठी भरपगारी वेळ मिळू लागला. २०१८ पासून थोड्या पगाराच्या कामगारांना फीमाफी देण्याचा प्रयोगही सुरू झाला. तो निधी मात्र २०२१ साली इंग्लंडमध्ये बंद करण्यात आला.

यातली एक खोच सांगून पुरे करतो. भरपगारी वेळ मिळाला तो वर्ग जमविणाऱ्या प्रतिनिधीला. वर्गात बसणाऱ्या कामगाराला नव्हे. त्याच्यासाठी २०१० साली एक निराळी तरतूद झाली. अडीचशे किंवा त्याहून अधिक नोकर असलेल्या ठिकाणी कामगाराला शिक्षणासाठी वेळ मागण्याचा, म्हणजे मालकाला तशी विनंती करण्याचा, हक्क मिळाला. विनंती मान्य झाली तरी त्या वेळेचा पगार देण्याचे बंधन मालकावर ठेवले नाही. आणि विनंती लेखी करावी लागे, अर्थात इंग्रजीत.